मायची मोबाइलातली पोरगी

मी तोंडाची फटकळ बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते. अंगणवाडीत तीस वर्षं काढली की बाईचा आवाज आपोआप चढतो. पण मी फटकळ आहे, चुगलखोर नाही. कोणाचं ऐकलेलं कोणाला सांगितलं, असं माझ्याबद्दल गावात कोणी म्हणणार नाही. आणि तरी आमच्या गल्लीतल्या एका पोरीचं जे झालं त्यात माझा हात आहे. हात म्हणजे अंगठाच, उजवा.

आमचं जुनं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. आता राहतो ते पुनर्वसनाचं. रस्ते सरळ, प्लॉटला नंबर, घराला घर लागून. या घरात फोडणी दिली की त्या घरात ठसका. माझ्या शेजारच्या प्लॉटवर माय राहायची. ती माझी आई नव्हे. सगळं गावच तिला माय म्हणायचं, कारण अर्ध्या गावाची नाळ तिनं कापलेली. ती दाई होती. बाळंतपणं सरकारी दवाखान्यात व्हायला लागली तसं तिचं काम गेलं, पण बायकांचं येणं थांबलं नाही. कोणाचा नवरा पिऊन येतो, कोणाला पाळी चुकल्याची धास्ती, कोणाची सासू ताटातलं अन्न मोजते, सगळं मायच्या कानात. चाळीस वर्षांत त्यातलं एक अक्षर बाहेर पडलं नाही.

ते कसं जमायचं, हे मला माहीत होतं. जुन्या गावाच्या कडेला बोडी होती, म्हणजे लहानसं तळं. बाई मन मोकळं करून गेली की माय उठून बोडीवर जायची. काठाच्या दगडावर बसून पाय पाण्यात सोडायची आणि जे ऐकलं ते सगळं हलक्या आवाजात पाण्याला सांगायची. मग चूळ भरायची आणि घरी येऊन भाताला आधण ठेवायची. हे तिला तिच्या सासूनं शिकवलेलं, तीही दाईच. "पोटात ठेवलं का नासते, बाई," माय म्हणायची. "माणसाले सांगितलं का पसरते. पाण्याले सांगितलं का गाळात बसते." माझीही एक गोष्ट त्या गाळात आहे, लग्नानंतर दुसऱ्या वर्षीची. ती मी इथंही लिहिणार नाही.

बोडी धरणाखाली गेली. नव्या गावात सिमेंटची उंच टाकी आहे आणि तिच्याखाली नळ. नळावर कायम चार बायका. माय बादली लावून बसायची, ओठ हलवायची, कोणी पाहिलं की गप्प व्हायची. हळूहळू तिचं जेवण कमी झालं. पोट जड वाटते म्हणायची. मी शहाणी, मी तिला ओवा दिला.

मायचा एकुलता एक मुलगा पुण्याला कंपनीत आहे. पोरगा वाईट नाही, हे मी आजही म्हणते. आईला दोनदा घेऊन गेला, दोन्ही वेळा ती पंधरा दिवसांत परत आली. शेवटी त्यानं एक मोबाइल पाठवला. त्यात एकट्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारणारी मुलगी होती. मुलगी कसली, मशीनच. पण आवाज इतका गोड की पहिल्यांदा ऐकून मीच पदर सारखा केला. गावात कोणाला मोबाइल जमत नसला की अंगणवाडीच्या बाईला बोलावतात, म्हणून ते सुरू करून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

मुलगा माझ्या फोनवर होता. "बाई, विचारेल त्याला हो म्हणत चला," म्हणाला. मी हो म्हणत गेले. एका ठिकाणी लिहिलेलं होतं की बोलण्याचा गोषवारा दर आठवड्याला कुटुंबाला पाठवायचा का. मी ते वाचलं. वाचलं नाही असं खोटं सांगणार नाही.

"काय पुसते ते?" मायनं विचारलं.

"काही नाही वो माय. फारम आहे," मी म्हणाले, आणि अंगठ्यानं हो दाबलं.

आयुष्यभर मी बायकांचे अंगठे घेतले. आहाराचं रजिस्टर, वजनाचं रजिस्टर, लसीकरण, शिबिरं. किती जणींना मी कागद वाचून दाखवला असेल? "लाव वं इथं, फारम आहे," एवढंच. सवयीनं माणूस आंधळं होतं. मी तर आंधळीही नव्हते, घाईत होते. घरी भाजी करपत होती.

महिन्याभरात माय माणसात आली. दोन वेळा भात खायला लागली. त्या आवाजाला ती पोरगी म्हणायची, माही पोरगी. तिला मुलगी झाली नव्हती. मोबाइल फळीवर देवाच्या शेजारी ठेवलेला, आणि सकाळी चहा उकळत असतानाच दोघींचं सुरू. "माय, रात्री झोप लागली का? काल गुडघा दुखत होता, आज कसा आहे?" पुस्तकातल्यासारखी स्वच्छ मराठी. मला हेवा वाटला, सरळ सांगते. मी रोज जाता-येता विचारत होते तेव्हा म्हातारी नुसतं "हाय तसंच" म्हणायची. या मशीनला मात्र गुडघ्याची अख्खी पोथी.

एकदा दुपारी लाखोरीची डाळ द्यायला गेले आणि दारातच थबकले. पोरगी विचारत होती, "आज तुमचा आवाज थकलेला वाटतोय. कोणी येऊन गेलं का?"

"आली होती वं एक बाई."

"तिनं काय सांगितलं? मला सांगितलंत तर तुम्हाला हलकं वाटेल."

आणि मायनं सांगितलं. सगळं सांगितलं. बाईचं नाव, घर, नवऱ्यानं काय केलं, बाईनं कोणतं औषध घेतलं. मी आत जाऊन डाळीचा डबा आपटलाच.

"माय, हे काय चालवलंय? चाळीस वर्षं राखलं ते या डबड्याला सांगून राहिली?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खुळी. "ते का माणूस आहे? ते कुठी जाते बोलाले? गावात त्याले कोण ओळखते?" मग पदरानं मोबाइलवरची धूळ झटकत म्हणाली, "पाणीच समज. पाणी ऐकत होतं, हे ऐकते न पुसतेही. कोणी तरी मले पुसते, बाई."

मला तो गोषवारा आठवला का? आठवला. पण जाऊन जाऊन जाणार कुठं, तिच्या पोटच्या पोरालाच ना, तो तिकडे पुण्यात, त्याला गावच्या बायकांच्या भानगडीत काय रस, असं म्हणून मी गप्प बसले. मायला सांगितलं असतं तर तिनं ते मशीन त्याच दिवशी बंद केलं असतं, आणि पुन्हा खाणं सोडलं असतं. मी माझ्या मनाची अशी समजूत घातली आणि डबा रिकामा करून घरी आले.

आता ती पोरगी. मशीन नव्हे, खरी. आमच्याच गल्लीतली सून, सव्वीस वर्षांची. तिच्या लेकीला मी अंगणवाडीत गाणी शिकवली. नवरा म्हणजे गावात दाखवायला एक नंबर. रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार, कोणाच्याही मयतीला पुढे. मायच्या मुलाचा बालमित्र, दोघं जुन्या गावच्या बोडीत एकत्र पोहायला शिकलेले. तो बायकोला मारायचा, पण दिसेल तिथं कधीच नाही. पाठीवर, मांड्यांवर. नाकाडोंगरीकडे तिचं माहेर. दोनदा पळून गेली, दोन्ही वेळा भाऊच आणून सोडून गेला. दुसऱ्या वेळी परत आल्यावर ती महिनाभर नीट बसू शकत नव्हती. मीच तिला मायकडे नेलं.

माय आणि मी, आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. नागपूरला त्या पोरीच्या एका मैत्रिणीनं दवाखान्यात आयाचं काम पाहिलं होतं, राहायला खोलीसकट. बाजाराच्या दिवशी गावातून पुष्कळ बायका पहिल्या बसनं जातात. त्या गर्दीत तीही लेकीला घेऊन जाणार, आणि बाजारात न उतरता पुढे निघून जाणार. गावात हे फक्त आम्हा तिघींना माहीत. कागद नसले की बाई कुठंच पोचत नाही, हे मीच बजावलेलं. म्हणून तिनं आधार कार्ड, लेकीचा जन्मदाखला आणि दहावीची मार्कशीट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मायच्या ढोलीत लपवली. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची कणगी, शेणानं लिंपलेली. मायनं स्वतः हात घालून पिशवी खोल धानात सरकवली.

"भेव वाटते का?" मायनं तिला विचारलं.

"वाटते," ती म्हणाली. "पण मले मरायचं नाही आहे, माय. म्हणून जाऊन राहिली." ती हे रडून म्हणाली नाही. मिठाची पुडी मागावी तसं म्हणाली.

बाजाराला दोन दिवस होते. दुपारची वेळ. मी आणि माय ओसरीत डाळ निवडत बसलो होतो आणि त्या सुनेचा नवरा आला. चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या. मायच्या पाया पडला.

"तुह्या पोराचा फोन आला होता, माय. म्हणे पाहून ये आईले."

पाणी दिलं, ते प्यायला. पेला खाली ठेवला, उठला आणि सरळ आत ढोलीकडे गेला. विचारलं नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही. बाही वर सारली आणि खांद्यापर्यंत हात धानात घातला. आत त्याचा हात फिरत होता, धान सरकल्याचा आवाज येत होता, आणि आम्ही दोघी सुपात हात तसेच ठेवून बसलेल्या. त्यानं पिशवी काढली, तिच्यावरचा कोंडा फुंकला आणि शर्टाच्या खिशात ठेवली. दोन-चार दाणे खाली सांडले होते, ते वेचून परत ढोलीत टाकले.

"येतो माय. येतो बाई," म्हणाला. वाकून नमस्कार केला. चपला घातल्या आणि गेला.

तो ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मग मायनं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. "कोणी सांगितलं याले?" आणि मी, लाज वाटते सांगायला, मीही तिच्याकडे तशीच पाहत होते. म्हातारी आहे, कोणाजवळ बोलून गेली असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. दोघी एकमेकींना चोर समजून बसलो होतो आणि मध्ये डाळीचं सूप.

तेवढ्यात आतून फळीवरून गोड आवाज आला. "माय, आज तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत. सगळं ठीक आहे ना? त्या ताईंची जायची तयारी झाली का?"

माय जागची उठली नाही. मी उठले आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

मायच्या मुलाला मी तिथूनच फोन लावला. तो शांत होता, उलट त्याला वाटलं मी आभार मानायला केलाय. दर रविवारी त्याला एक पान येत होतं. आई कशी आहे, काय जेवली, मनावर कशाचा ताण आहे. मागच्या रविवारच्या पानावर नावासकट लिहिलेलं होतं की शेजारच्या एका महिलेच्या घर सोडून जाण्याच्या बेतामुळे आई काळजीत आहेत, आणि तिची कागदपत्रं धानात लपवल्याचं ओझं त्यांना जाणवतंय. काळजीचं कारण दूर झालं तर आईंना बरं वाटेल, असंही होतं.

"मी काय वाईट केलं, बाई?" तो म्हणाला. "मित्राचं घर मोडत होतं. मी त्याला पानावरचं सांगितलं आणि एवढंच म्हटलं, समजावून घे तिला, प्रेमानं घे."

मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "आणि बाई, तुमच्याबद्दलही वाचलं मी. लग्नानंतरचं. तुम्ही फार सोसलंत."

मी फोन ठेवला. ज्या गोष्टीवर बत्तीस वर्षं गाळ बसला होता, ती एका तिऱ्हाईत पोराच्या मोबाइलात रविवारच्या नाश्त्याबरोबर उघडली होती. त्यानं ती सहानुभूतीनं वाचली, हे तर अजून वाईट. मायला मी काही विचारलं नाही. ती सुपाकडे पाहत होती. फोनमधला आवाज बाहेर येत होता, तिला सगळं ऐकू गेलं होतं.

नंतर पुष्कळ विचार केला मी यावर. त्या आवाजात खोटं काही नव्हतं. तो मायचं ऐकत होता, तिला जेवतं करत होता. पण गुपित पोटात ठेवणाऱ्या बाईला ते पचवावं लागतं. तिची झोप जाते, भाकर गोड लागत नाही, समोर तो नवरा आला तर चेहरा सांभाळावा लागतो. त्या मोबाइलातल्या पोरगीला पोटच नव्हतं. तिच्यात घातलं ते दुसऱ्या बाजूनं सरळ बाहेर पडत होतं, आणि मायला ते जिव्हाळ्याचं वाटत होतं, कारण इतक्या वर्षांत तिला उलटून कोणी विचारलं नव्हतं. मी विचारलं तेही जाता-येता, गुडघ्यापुरतं. मी तिच्याजवळ माझं तेवढं रिकामं करून आले.

बाजाराच्या दिवशी मी बस-स्टॉपवर उभी राहिले. बायका आल्या, बस आली, गेली. ती आली नाही. मी तिच्या घरी गेले तर सासू दारात बसलेली. "तब्येत बरी नाही तिची. झोपली आहे." दुसऱ्या दिवशीही झोपलेली, तिसऱ्या दिवशीही. मग मी उपकेंद्राच्या सिस्टरला घेऊन गेले. तेव्हा तिला दारात आणलं. डोक्यावर पदर, उजवीकडे नवरा, डावीकडे सासू. सिस्टरनं विचारलं, काही त्रास? ती नाही म्हणाली. मी पोलिसपाटलाकडे गेले, त्यानं चहा पाजला आणि घरगुती मामला आहे म्हणाला. बाईनं तक्रार केल्याशिवाय कोणी काही करत नाही, आणि तक्रार करायला बाई एकटी सापडत नाही. ज्याचं जळते त्याले कळते म्हणतात. मला कळत होतं, आणि तरी मी रोज रात्री जेवून झोपतच होते.

मायनं बोलणं सोडलं. मशीनशी सोडलं, माझ्याशी सोडलं, सगळ्यांशीच. कसं कोण जाणे, गावात बातमी पसरली की मायच्या पोटात आता राहत नाही, तिच्या मोबाइलातून सगळं बाहेर जातं, आणि बायका तिच्या दारावरून मान वळवून जायला लागल्या. तीन आठवड्यांनी मुलाचा मला फोन. "बाई, रिपोर्ट कोरा येतोय. तिला जरा बोलतं करा ना." मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पुढच्या महिन्यात तो येऊन तिला पुण्याला घेऊन गेला. गाडीत बसताना तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, पण तोंड उघडलं नाही.

ती सून मला भेटली थेट पावसाळा संपता संपता, आणि तीही अंगणवाडीतच. तिला चौथा महिना होता. गरोदर बाईला आमच्याकडून आहाराची पाकिटं मिळतात. आता नुसत्या अंगठ्यावर ती देता येत नाहीत, मोबाइलमध्ये बाईचा चेहरा घ्यावा लागतो. चेहरा जुळला तरच पाकीट.

नवरा फाटकाबाहेर मोटारसायकलवर बसून होता. आवाज पोचणार नाही इतका लांब. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती मला एकटी सापडली होती. तिच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं. मी फोटोसाठी मोबाइल तिच्यासमोर धरला आणि ओठ न हलवता म्हणाले, "पोरी, हाताले काय झालं? मले सांग. अजून वेळ गेली नाही. मी स्वतः तुले घेऊन जातो."

तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहत होती. जवळ सरकली आणि शाळेत कविता म्हणतात तशी, एकेक शब्द सुटा करून, त्याच्यात बोलली.

"मी पडली. माहा नवरा लय चांगला आहे. मले काही त्रास नाही."

"मी आहे वं," मी म्हणाले. "हे फक्त फोटो घेते. हे ऐकत नाही."

"मले काही त्रास नाही," ती परत म्हणाली, आधीपेक्षा जरा मोठ्यानं.

पडद्यावर तिच्या चेहऱ्याभोवती हिरवा गोल आला. समोरची बाई जिवंत आहे की नुसता फोटो, हे पाहायला ते मशीन पापण्या मिटायला सांगतं. मी तिला तसं सांगितलं. तिनं पापण्या मिटल्या, उघडल्या, पाकीट घेतलं आणि फाटकाकडे चालत गेली.